रामेश्वराच्या वाटेवरील समुद्रशैवाल

काशीची गंगा रामेश्वरास घालावी, ही आपल्या घराण्यांतून चालत आलेली रीत. त्यामुळें यात्रेकरूचें चित्त देवालयाकडे व तेथील बावीस तीर्थांकडे लागलेलें असतें. पांबनच्या पुलाअलीकडील मंडपम् गांवीं उतरावें असें फारसें कोणास सुचत नाहीं. या खेपेस आम्ही तेथें मुद्दाम दोन दिवस राहिलों. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था १९४७ सालीं जन्मास आली व पुढें कांहीं काळ तिचें ठाणें येथेंच होतें. १९७१ सालीं तिचें मुख्य ठाणें कोचीस गेलें; तरी मन्नारच्या आखाताचा हा प्रवाळी किनारा समुद्रशैवालाचें माहेरघर म्हणून अभ्यासकांस आजहि प्रिय आहे.

शैवाल म्हटलें कीं संस्कृत वाचकास तळें, कमळ आणि गारवा आठवतो. येथील शैवालाच्या नशिबीं गारवा नेहमींचा नाहीं. ओहोटी लागली म्हणजे कांठच्या खडकांवरील सार्गासम नांवाचें तपकिरी शैवाल, अंगावर हवेचे बारीक फुगे लेऊन, भर उन्हांत उघडें पडतें. कडक ऊन व प्राणवायु यांच्या संयोगानें त्याच्या पेशींत कांहीं अनावर कण उत्पन्न होतात. कापलेलें वांगें काळवंडतें, तेल खवट होतें, तो याच जातीचा प्रकार. त्यापासून बचाव करण्यासाठीं ही वनस्पति फ्लोरोटॅनिन नांवाचीं तुरट द्रव्यें तयार करिते; तिला तपकिरी रंग देणारें फ्युकोझँथिनहि त्याच कामीं येतें. यांनाच शास्त्रज्ञ अँटिऑक्सिडंट म्हणतात. जो गुण माणूस शोधीत आहे, तो त्या वनस्पतीनें उन्हाचा मारा सोसून कमाविलेला असतो.

हा गुण काढण्याची कृति घरच्या काढ्याहून निराळी आहे. काढा उकळावा लागतो; येथें आंच जितकी कमी तितकी बरी. शैवाल धुवून वाळू, मीठ व चिकटलेले शिंपले काढतात, सावलींत वाळवितात आणि दळून भुकटी करितात. ती मद्यार्क व पाणी यांच्या मिश्रणांत भिजवून गाळतात, आणि हवेचा दाब कमी करून सुमारें ४० अंश सेल्सिअसवर मद्यार्क उडवून देतात. मागें उरतो तो दाट अर्क. त्याची परीक्षा मोठी मौजेची आहे. डी. पी. पी. एच्. नांवाच्या द्रव्याच्या जांभळ्या द्रावणांत अर्क घातला कीं जांभळा रंग उडून पिवळसर होतो. अर्क जितका सकस तितका फरक अधिक. ताज्या शैवालांत शेंकडा ८० ते ९० भाग पाणीच असतें. तेव्हां दहा किलो ओल्या भाऱ्यांतून एक-दोन किलो भुकटी, आणि अर्क त्याहून कितीतरी थोडा.

हा भारा समुद्रांतून काढतात त्या तेथील कोळ्यांच्या बायका. बोटांना चिंध्या गुंडाळून त्या बुडी मारितात. तरीहि खडकांनीं हात चिरतात. १९८६ सालीं २१ बेटांभोवतालचा समुद्र राष्ट्रीय उद्यान म्हणून राखीव झाला व त्यांच्या कामावर बंधनें आलीं. पुढें त्यांनीं आपण होऊन महिन्यांतून बाराच दिवस शैवाल काढण्याचा नेम केला. त्यांच्यांतील लक्ष्मी मूर्ति यांस २०१५ सालीं सीकॉलॉजी या संस्थेचें पारितोषिक मिळालें. संयमाचे पाठ शिकविण्यांत आमचा जन्म गेला. येथें तो पोटाला चिमटा घेऊन पाळलेला पाहिला.

काढलेलें शैवाल मात्र वाळूवर भर उन्हांत पसरलेलें होतें. दुभाष्याकरवीं आम्हीं एका वृद्ध बाईंस विचारिलें, "अम्मा, हें सावलींत कां वाळवीत नाहीं?" त्या म्हणाल्या, "अय्या, व्यापारी तराजू घेऊन येतो. त्यांत वजन बसतें, गुण बसत नाहीं."

त्यांचें म्हणणें खरें होतें. सार्गासमपासून अल्जिनेट काढतात. कापडछपाईपासून आइस्क्रीमपर्यंत दाटपणासाठीं तें लागतें. त्या कामीं उन्हांत वाळलेला माल चालतो. अर्कास मात्र तेंच ऊन नडतें. म्हणजे अर्काची पहिली पायरी प्रयोगशाळेंत नसून या वाळूवर आहे, आणि तिचें मोल करणारा तेथें कोणी दिसला नाहीं. सावलीपुरता एक मांडव आणि गुणाप्रमाणें भाव, एवढें जरी झालें तरी अर्क सुधारेल व त्या घरांत चार पैसे अधिक येतील.

आतां घरोघरच्या वडील मंडळींस एक विनंति. नळींत रंग उडाला म्हणून पोटांत गुण येतोच असें नाहीं. फिनलंडांत २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक प्रयोग झाला. बीटा-कॅरोटीन हें अशाच गुणाचें द्रव्य ज्यांस दिलें, त्यांच्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजीं शेंकडा १८ नें अधिक आढळला. हा निकाल १९९४ सालीं प्रसिद्ध झाला. शिवाय तपकिरी शैवालांत आयोडीन पुष्कळ असतें. थायरॉइडचा विकार असणारांनीं वैद्यांस विचारल्यावांचून असल्या अर्काच्या वाटेस जाऊं नये.

रामेश्वरास जाल तेव्हां ओहोटीची वेळ साधून मंडपम् येथें घटकाभर अवश्य उतरावें. पुढें कधीं दुकानांत समुद्रशैवालाच्या अर्काची बाटली हातीं आली, तर तिच्यावरील किंमत वाचतांना वाळूवरचा तो तराजूहि आठवेल.