कानांनी चालवलेला कारखाना

मध्य रेल्वेच्या धीम्या गाडीने परळला उतरलं की स्टेशनालगत जुन्या कारखान्याची लांबच लांब छपरं दिसतात. कागदावर त्याचं नाव मोठं आहे. पण भोईवाडा, नायगाव, पोयबावडी, लालबाग या भागांत ‘लोको’ एवढंच म्हणतात. ‘वडील लोकोत होते’ या तीन शब्दांत इथे घराची निम्मी ओळख पटते. गिरणगाव म्हटलं की आपल्याला कापडगिरण्यांच्या चिमण्या आठवतात. त्याच गिरणगावात रेल्वेची इंजिनं उघडून पुन्हा उभी करणारी हजारो माणसं राहत होती, हे चटकन आठवत नाही. ती ज्या वस्तीत राहिली ती वस्ती पाहावी, म्हणून मी भोईवाड्याकडे निघालो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. तिला जोडलेली साहिब, सिंध आणि सुलतान ही तिन्ही इंजिनं इंग्लंडमध्ये बनली होती. इंजिन जहाजातून आणता येतं, त्याची देखभाल मात्र इथेच करावी लागते. म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी. आय. पी.) रेल्वेने दुसऱ्याच वर्षी भायखळ्याला कारखाना काढला. मार्ग घाटापलीकडे पसरत गेला तशी ती जागा अपुरी पडली आणि १८७९ मध्ये कारखाना परळला आला.

तेव्हाचं परळ आजच्या मुंबईकराला ओळखू येणार नाही. इथे गव्हर्नरचा बंगला होता. पोर्तुगीज काळातल्या मठाच्या वास्तूवर उभ्या राहिलेल्या या बंगल्यात १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा पटकीने मृत्यू झाला आणि गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला. पुढे १८९६ मध्ये प्लेग आला आणि १८९९ मध्ये त्याच बंगल्यात वाल्देमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. आजची हाफकिन संस्था ती हीच. वीसएक वर्षांत साहेबांचं उपनगर कामगारांची वस्ती झालं. प्लेगनंतर स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या (बी. आय. टी.) चाळी उठल्या, १९२०च्या दशकात नायगावला बी. डी. डी.च्या ४२ चाळी उभ्या राहिल्या. कोकणातून आणि घाटावरून आलेले चाकरमानी एकेका खोलीत गाववाल्यांसह राहू लागले.

परळ टीटीकडून आत वळलं की रस्ता रुग्णालयांचा होतो. केईएम १९२६ चं, टाटा १९४१ चं. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक फाइली छातीशी धरून पदपथावर बसलेले असतात. जेरबाई वाडिया मार्गाने पुढे गेलं की भोईवाडा लागतो. तिथलं पोलीस ठाणं आणि न्यायालय यांची नावं मुंबईकर वर्तमानपत्रात वाचत आलेला असतो. जवळच्या रस्त्याला गिरणी कामगारांचे नेते गं. द. आंबेकर यांचं नाव आहे आणि त्याच रस्त्यावर राष्ट्रीय मिल मजदूर संघाची ‘मजदूर मंझिल’ आहे. जुन्या चाळींच्या मधोमध टॉवर उठले आहेत. तरी एखाद्या चाळीच्या गॅलरीत सकाळी पेपर वाचत बसलेले म्हातारे अजून भेटतात आणि बोलणं लोकोवर आलं की पेपर बाजूला ठेवतात.

त्यांचं बोलणं सुरू होतं ते कामापासून. इंजिन मोठ्या दुरुस्तीला आलं की आधी उघडायचं. क्रेनने बॉयलर चौकटीवरून उचलायचा, चाकं खाली काढायची, बेअरिंगं वेगळी करायची. बॉयलरच्या जुन्या नळ्या काढून नव्या बसवायच्या, पाण्याचा दाब देऊन गळती पाहायची. चाकावरचं पोलादी कडं झिजलं असेल तर नवं चढवायचं. हे कडं चाकापेक्षा किंचित लहान आतल्या मापाचं असतं. ते तापवलं की फुगतं, त्यात चाक बसवायचं, निवताना कडं आवळत चाकाला घट्ट धरतं. गावाकडे लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतो तीच ही रीत. लोकोत आलेल्या खेड्यातल्या पोराने हे काम आधी गावच्या भात्याजवळ पाहिलेलं असायचं.

या कामातलं सगळ्यात बारीक ज्ञान कानात होतं. वाफेच्या इंजिनात भट्टीचा पत्रा आणि बाहेरचा पत्रा शेकडो बोल्टांनी एकमेकांना बांधलेला असतो. त्यातला एखादा आतल्या आत तुटला तर डोळ्यांना दिसत नाही. तपासणारा माणूस हातोडीने एकेक बोल्ट वाजवत जायचा. धड बोल्ट खणखणीत बोलतो, तुटलेला बद्द. चाकांचंही तसंच, तडा गेलेलं चाक आवाजात सापडतं. नव्या पोराला हे शिकवायला पुस्तक पुरत नाही. उस्तादाशेजारी उभं राहून महिनोन्महिने ऐकत राहावं लागतं. या कामाची किंमतही कानांनीच मोजली. रिव्हेट ठोकताना आत बसून ते धरणाऱ्या बॉयलरवाल्यांना बहिरेपण येतं, हे एकोणिसाव्या शतकापासून वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. त्या बहिरेपणाला या धंद्याचंच नाव मिळालं होतं.

म्हणूनच मला वाटतं की लोकोचा इतिहास लिहून ठेवण्याआधी ध्वनिमुद्रित करायला हवा. इंजिनांचे आराखडे, नोंदवह्या, अहवाल कुठल्या तरी कपाटात टिकतील. बद्द आवाज कसा ओळखायचा हे सांगणारा माणूस, त्याची बोली, सांगताना हाताने दाखवलेला हातोडीचा ठेका कपाटात टिकत नाही.

ध्वनिमुद्रण करणाऱ्याने अडचणीचे प्रश्नही विचारायला हवेत. पहिला जातीचा. पोयबावडीच्या बी. आय. टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षं राहिले. परळच्याच दामोदर हॉलमध्ये १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेचं काम सुरू झालं. लोकोच्या भिंतीपासून ही ठिकाणं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. १२ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी रोखठोक मांडलं की हा कामगार गँगमन म्हणूनच राबतो, वर्कशॉपात मेकॅनिक म्हणून तो जवळजवळ दिसतच नाही. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी याच भाषणात सांगितलं. उस्तादाशेजारी उभं राहायची संधी कोणाला मिळाली आणि कोणाला मिळाली नाही, हा प्रश्न गाळून लोकोचा इतिहास पूर्ण होणार नाही.

तसंच संपाचं. १९३० च्या फेब्रुवारीत जी. आय. पी. रेल्वेच्या कामगारांनी मोठा संप केला. ८ मे १९७४ रोजी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभरातल्या रेल्वे कामगारांनी काम थांबवलं. तो संप सुमारे वीस दिवस चालला आणि सरकारने तो अटकसत्राने मोडला. बोनस ही त्यातली एक मुख्य मागणी होती, रेल्वे कामगारांना तो १९७९ मध्ये मिळाला. पुस्तकांत या संपांचे नेते आहेत, करार आहेत. घरात पगार येणं बंद झालं तेव्हा चूल कशी पेटली, किराणावाल्याने उधारी दिली का, क्वार्टर सोडायला सांगितलं तेव्हा मुलं कुठे पाठवली, हे सांगायला त्या घरातल्या बायका लागतात. लोकोचा इतिहास म्हणून त्यांच्याकडे माइक कमी वेळा जातो. तो आधी न्यायला हवा.

कारखाना बदलत गेला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी धावली, दशकाच्या शेवटी विजेची तार पुण्याला पोचली. वाफ मागे हटली, डिझेल आलं. कालका-सिमल्याच्या डोंगरी मार्गासाठी लहान डिझेल इंजिनंही परळने बनवली. पण १९८२ च्या गिरणी संपानंतर भोवतालचं गिरणगावच विरलं. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या आणि परळ स्टेशनात पाळीवरच्या कामगारांऐवजी कचेरीतल्या लोकांची गर्दी उसळू लागली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी परळ आणि एल्फिन्स्टन रोड यांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. २०१९ च्या मार्चमध्ये परळहून सुटणाऱ्या लोकल सुरू झाल्या. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या टर्मिनससाठी कारखान्याची जमीन घेण्याची योजना पुढे आली, तेव्हा कामगारांनी विरोध केला. मुंबईला टर्मिनस हवं, हे खरं. पण वाफेच्या इंजिनांचा कारखाना म्हणून लोकोचं युग सरलं आहे आणि त्या युगाचे साक्षीदार सत्तरी-ऐंशीत आहेत, हेही तितकंच खरं.

गिरणी कामगारांच्या बाबतीत आठवणी नोंदवण्याचं हे काम वेळेवर झालं. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखती घेऊन ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ हे पुस्तक २००४ मध्ये सिद्ध केलं. लोकोसाठी त्याच्या पुढचं पाऊल टाकता येईल, ते म्हणजे सामुदायिक रेडिओ. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही असं केंद्र चालवता येतं. शंभर वॅटचं प्रक्षेपण, तीस मीटरपर्यंतचा मनोरा, साधारण दहा किलोमीटरचा टप्पा. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत, ही अट. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण आठवणींना मज्जाव नाही. साताऱ्याच्या म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ हे केंद्र २००८ पासून माण तालुक्यातल्या माणसांना त्यांच्याच बोलीत ऐकवतं आहे. दुष्काळी तालुक्याला जे जमलं ते परळला जमू नये, याला काही कारण नाही. आकाशवाणीची ‘कामगार सभा’ ऐकत जेवायला बसणारी ही वस्ती आहे, तिला रेडिओ नवा नाही. परळमध्ये मनोरा ठेवला तर भोईवाड्यासह लालबाग, दादर, शिवडी, माटुंगा, म्हणजे लोकोवाले जिथे राहिले तो बहुतेक सगळा मुलूख टप्प्यात येतो. आणि एकाची आठवण ऐकून दुसरा म्हणेल, नाही, ते तसं नव्हतं, मी त्याच शॉपात होतो. अशा दुरुस्त्यांतूनच इतिहास नीट होतो.

भोईवाड्याहून परत फिरताना मी परळ गावातल्या बारादेवीच्या देवळाकडे गेलो. १९३१ मध्ये परळ-शिवडी रस्त्याच्या कामात इथे एक प्रचंड शिल्प सापडलं. पांढरट दगडात एकावर एक, आजूबाजूला प्रकटणाऱ्या शिवमूर्ती, उंची साडेतीन मीटरच्या आसपास, काळ सुमारे सहाव्या शतकाचा. कित्येक वर्षं ते मातीखाली राहिलं. दगड उशिरा खणला तरी मिळतो. माणसाच्या आवाजाचं तसं नाही.

तेव्हा ज्यांच्या घरात कुणी लोकोत, माटुंग्याच्या किंवा लोअर परळच्या रेल्वे कारखान्यात होतं, त्यांना माझी विनंती आहे. रेडिओ केंद्राची वाट पाहू नका. येत्या रविवारी फोन समोर ठेवा, पंखा बंद करा आणि सुरुवातीला नाव, शॉप, भरतीचं साल विचारा. मग विचारा की काम कोणी शिकवलं, हात कुठे भाजला, संपात घर कसं चाललं. आजीलाही बोलतं करा. मध्ये बोलू नका, चुका सुधारू नका. ध्वनिमुद्रणाची एक प्रत शाळा-कॉलेजला किंवा वस्तीतल्या वाचनालयाला त्यांच्या संमतीने द्या. उद्या परळला रेडिओ केंद्र उभं राहील तेव्हा त्याच्याकडे ऐकवायला काहीतरी हवं, आणि ते आज फक्त तुमच्या घरात आहे.