पहिल्या पानाआधीचा गृहस्थ

फँटसी कादंबरी उघडली की नायकाच्या आधी भेटतो तो नकाशा. प्रकाशकाचा पत्ता, अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश हे सगळं आपण भराभर उलटतो. याला मात्र ओलांडून जाता येत नाही. दोन पानं अडवून तो ऐसपैस पसरलेला असतो, आणि पुढे तीनशे पानं जिच्यासाठी लढाई होणार असते ती राजधानी नेमकी बाइंडिंगच्या शिवणीत गडप झालेली असते. त्याचं त्याला काहीही वाटत नाही.

अंगापिंडाने हे गृहस्थ सगळीकडे साधारण सारखेच. डोंगरांच्या रांगा, झाडांचे पुंजके, एक फुशारकी मारणारं दिशाचक्र, कोपऱ्यात समुद्र. स्वभाव मात्र विचित्र. एकही वाक्य बोलायचं नाही आणि नावं मात्र शंभर फेकायची. आपण कुणालाच ओळखत नसतो, तरी त्यातलं एखादं नाव मनात अडकतं आणि तिथे कधी जायला मिळणार या आशेवर आपण पुस्तक विकत घेतो. फँटसीच्या वाचकाला वेड लागतं ते इथेच; लेखकाची ओळख त्यानंतर होते.

लेखकांनाही यानेच नादी लावलेलं आहे. १८८१ साली स्कॉटलंडमधल्या ब्रेमारला, बाहेर पाऊस चालू असताना, स्टीव्हन्सन सावत्र मुलाबरोबर चित्रं रंगवत बसला होता. त्यात एका बेटाचा नकाशा निघाला, आणि त्या नकाशातून ‘ट्रेझर आयलंड’. ती कादंबरी काही फँटसी नव्हे, पण या घराण्याचा मूळपुरुष तिच्यातच सापडतो. पुढची गंमत अशी की, छापायला पाठवलेला तो नकाशा प्रकाशकापर्यंत पोहोचलाच नाही. मग बिचाऱ्या स्टीव्हन्सनला स्वतःचीच कादंबरी पुन्हा बारकाईने वाचून, एकेक उल्लेख टिपून, दुसरा नकाशा काढावा लागला. तो त्याला कधीच खरा वाटला नाही.

या घराण्यातला सर्वांत दरारा असलेला पुरुष म्हणजे टॉल्किनच्या ‘मिडल-अर्थ’चा नकाशा. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना टॉल्किनने आधी नकाशा धरला आणि गोष्ट त्यात बसवली. उलटं केलं की घोळ होतो, असं त्याचं मत. त्यामुळे तो ज्यावर काम करत असे तो नकाशा वर्षानुवर्षं ठिगळं लावून, खोडून, पुन्हा चिकटवून वाढत गेला. १९५४ मध्ये पुस्तकाचा पहिला खंड आला तेव्हा छापण्याजोगा नकाशा काढला मुलाने, ख्रिस्तोफरने. तिसऱ्या खंडासाठी गोंडोर आणि मोर्डोरचा मोठा नकाशा हवा होता. टॉल्किन अखेरचे तीन दिवस जवळजवळ अन्नझोप सोडून अंतरं जुळवत बसला, आणि मग ख्रिस्तोफरने सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा असा बसून तो रेखाटला. काल्पनिक प्रदेशासाठी बापलेकांनी इतकं जागावं, हा या गृहस्थाचा वचक.

पण टॉल्किनचा माझा आवडता नकाशा वेगळाच आहे: १९३७ च्या ‘द हॉबिट’मधला, बुटक्यांच्या राजाचा, म्हणजे थ्रोरचा. तो वर उत्तर ठेवत नाही, पूर्व ठेवतो. शिवाय त्याच्या पोटात गुपित आहे. त्यावरची काही अक्षरं लिहिताना जशी चंद्रकोर आणि जो ऋतू होता, तशाच चांदण्यात ती दिसतात. टॉल्किनची इच्छा होती की ही अक्षरं पानाच्या मागच्या बाजूने छापावीत, म्हणजे वाचकाने पान उजेडासमोर धरलं की ती उमटतील. प्रकाशकाला ते परवडेना. अक्षरं बिनदिक्कत समोरच छापली गेली, आणि एका उमद्या नकाशाचं गुपित पहिल्याच भेटीत फुटलं. याची हळहळ मला अजून वाटते.

अर्सुला ले ग्विनचा नकाशा याहून मोकळ्या स्वभावाचा. १९६८ च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’साठी तिने सुरुवातीलाच सगळी बेटं काढून त्यांना नावं देऊन टाकली. त्या बेटांवर कोण राहतं, काय पिकतं, हे तिलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. एकेका पुस्तकात ती तिथे गेली तेव्हा कळलं. असा नकाशा वाचकाला आणि लेखिकेला एकाच होडीत बसवतो.

दुर्गुणही आहेतच. भूगोलाच्या शिक्षकासमोर याला उभं करू नये. मोर्डोरभोवतीचे पर्वत असे काटकोनात वळतात की कुणी पट्टी लावून उभारलेत असं वाटावं. अनुकरण करणाऱ्यांनी तर कहर केला. डायना विन जोन्सने १९९६ साली फँटसीच्या जगाचं एक थट्टेखोर प्रवासी मार्गदर्शक लिहिलं, त्यात नकाशा म्हणून युरोपच उलटा करून टाकला, आणि बजावलं की नकाशावरच्या एकूण एक गावी तुम्हाला नेल्याशिवाय सोडणार नाहीत. टेरी प्रॅचेट आपल्या ‘डिस्कवर्ल्ड’चा नकाशा होऊच शकत नाही असं सांगत राहिला, पण वाचक ऐकतात थोडेच! १९९३ मध्ये त्याच्या अंख-मॉरपॉर्क शहराच्या गल्ल्या छापून आल्या आणि १९९५ मध्ये अख्खं जग.

जोन्सबाईंचा टोमणा मला निकषासारखा वापरता येतो. ज्या नकाशावरचं प्रत्येक नाव कथेत हजेरी लावतं, तो नकाशा म्हणजे नुसतं वेळापत्रक. टॉल्किनच्या नकाशात पूर्वेला ऱ्हूनचा समुद्र आहे. कथेतलं कुणी तिथे जात नाही, गोष्ट संपेपर्यंत जात नाही. तिथे काय असेल याचा विचार करत किती वाचकांनी पुन्हा पुस्तक हातात घेतलं असेल! काही न देता इतकं गुंतवून ठेवायचं, ही कला लेखकांपेक्षा याला जास्त साधलेली आहे.

मिडल-अर्थच्या या नकाशाच्या वाट्याला म्हातारपणी एक मोठी प्रतिष्ठाही आली. पॉलीन बेन्स ही चित्रकार मिडल-अर्थचा भिंतीवर लावायचा नकाशा करत असताना टॉल्किनने तिच्या प्रतीतल्या नकाशावर हिरव्या शाईने आणि पेन्सिलीने सूचना लिहिल्या होत्या: हॉबिटन हे गाव साधारण ऑक्सफर्डच्या अक्षांशावर, मिनास तिरिथ हे शहर राव्हेन्नाच्या. हा कागद २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या एका पुस्तकविक्रेत्याकडे उजेडात आला आणि पुढच्या वर्षी बोडलियन ग्रंथालयाने घेतला.

ई-बुकात मात्र नकाशाचे हाल होतात. बोटांनी ताणून मोठा केला तरी नावं धूसर, आणि मजकुरातून मागे येऊन तो शोधेपर्यंत प्रसंगच थंड. तेव्हा ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मूळ इंग्रजीतून वाचा किंवा मुग्धा कर्णिकांच्या ‘स्वामी मुद्रिकांचा’मधून, एवढं करा: नकाशाची मोठ्या कागदावर झेरॉक्स काढा आणि ती पुस्तकाशेजारी उघडी ठेवून वाचायला बसा.