तीन रेघांचं विमान

विमानांच्या गेममधला सगळ्यात थरारक क्षण म्हणजे शत्रूचं विमान फुटतं तो, असं न खेळणाऱ्यांना वाटतं. तसं नसतं. फुटणारी विमानं पहिल्या अर्ध्या तासात नेहमीची होऊन जातात. खरा थरार त्याच्या आधीचा. चारी बाजूंनी गोळ्या येतायत, पडद्यावर सरकायला जागा उरलेली नाही, आणि मेंदूच्या आधी अंगठ्याला कळतं की आता कोलांटी मारायची.

'१९४२' नावाचा गेम ज्यांनी खेळलाय त्यांना ही कोलांटी आठवत असेल. बटण दाबलं की विमान गर्रकन गिरकी घ्यायचं आणि तेवढ्यापुरती त्याला गोळी लागायची नाही. पण या कोलांट्या मोजक्याच. शेवटची कधी वापरायची यावरून आमच्यात भांडणं व्हायची. लाल विमानांचा अख्खा थवा पाडला की तीन इंग्रजी अक्षरं तरंगत यायची, पी, ओ आणि डब्ल्यू. ती गिळली की बंदुकीला जोर चढायचा. आम्ही त्याला 'पाव' म्हणायचो. "पाव घे, पाव घे," असं चारजण एकदम ओरडायचे. कोल्हापुरात मिसळीशिवाय पावाला एवढा मान दुसरीकडे कुठे मिळाला असेल असं वाटत नाही.

बिंदू चौकाकडून आत जाणाऱ्या एका बोळात हे दुकान होतं. एक जुना टीव्ही, कॅसेट घालायचा व्हिडिओ गेम, तासाला पाच रुपये. पैसे एकाचे आणि बघणारे सात. हे बघणारेच खरे तज्ज्ञ असायचे.

१९९९ च्या उन्हाळी सुट्टीत कारगिल सुरू झालं. २६ मेला हवाई दलाचे हल्ले सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता पाकिस्तानच्या ताब्यात सापडले आणि स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा शहीद झाले. अब्बा रात्री रेडिओला कान लावून बसायचे. मिग, मिराज हे शब्द आमच्या गल्लीत सगळ्यांच्या तोंडी आले, आणि गेममधल्या विमानांना नवं नाव मिळालं. ती आता पाकिस्तानी झाली.

माझी पाळी होती. चांगला पुढे गेलो होतो. मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यो कशाला पाडतोय? ह्याचीच माणसं हायती की." सगळे हसले. म्हणणारा माझा दोस्तच होता, त्याच्या आवाजात विखार नव्हता. घरी ऐकलेलं त्यानं तिथं आणून टाकलं एवढंच. गल्ल्यावर बसलेला दुकानवाला पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "जपानी हायत रं ती. खेळू द्या त्याला."

मी काही बोललो नाही. विमान चालू होतं. पण तोपर्यंत मी लाइफ वाचवायला खेळत होतो. त्या वाक्यानंतर मागे उभ्या असलेल्यांना दाखवायला खेळायला लागलो. एकही विमान सुटता कामा नये. इतकं चांगलं मी आधी कधी खेळलो नव्हतो आणि इतका कंटाळाही कधी आला नव्हता.

दुकानवाल्याचं म्हणणं मात्र अगदी बरोबर होतं. त्या गेममध्ये आपलं विमान अमेरिकन, पी-३८ लाइटनिंगच्या धर्तीवर बनवलेलं. ते निघालेलं टोकियोच्या दिशेनं, आणि वाटेत पाडायची ती सगळी विमानं जपानी. पण १९८४ साली हा गेम बनवला कॅपकॉम या जपानी कंपनीनं. योशिकी ओकामोटो या जपानी माणसानं तो आखला. आपल्याच राजधानीवर चाल करून जाणारा खेळ जपान्यांनी जगाला विकला, कारण गिऱ्हाईक अमेरिकेत होतं. त्याच सुमाराला, १९८५ मध्ये, टायटो या दुसऱ्या जपानी कंपनीनं 'स्काय डिस्ट्रॉयर' काढला. त्यात आपण जपानी झीरो विमानात बसतो. दोन्ही गेममध्ये बटणं तीच आणि थरारही तोच. मी दोन्ही खेळलोय, अंगठ्याला फरक कळत नाही.

पुढे वाचनात इद्रिस हसन लतीफ आले. हैदराबादचे. हवाई दलात दाखल झाले तेही १९४२ सालीच. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हरिकेन विमान घेऊन ते जपान्यांविरुद्ध लढले. फाळणीच्या वेळी त्यांचे सहकारी असगर खान आणि नूर खान पाकिस्तानात गेले आणि पुढे दोघेही तिथल्या हवाई दलाचे प्रमुख झाले. लतीफ इथंच राहिले. १९७८ ते १९८१ या काळात ते भारताचे हवाई दल प्रमुख होते, नंतर आपल्याच महाराष्ट्राचे राज्यपाल. बोळातल्या त्या दुकानात हे नाव माहीत असतं तर मी ते तोंडावर फेकलं असतं. माहीत नव्हतं ते बरंच झालं. बारा वर्षांच्या पोरानं व्हिडिओ गेम खेळायला जातानाही खिशात एक एअर चीफ मार्शल घेऊन जायचा, ही काय रीत झाली?

आता आपाचा मुलगा खेळतो. त्याचा गेम 'एस कॉम्बॅट ७', २०१९ मधला. ढगात शिरलं की काचेवर बर्फ धरतं, वीज पडली की यंत्रं बावचळतात. विमानं खरी आहेत, राफेल, मिराज आणि आपलं म्हातारं मिग-२१ सुद्धा, ज्याला हवाई दलानं सप्टेंबर २०२५ मध्ये चंदिगडला निरोप दिला. देश मात्र कल्पनेतले. ओसिया आणि इरुसिया नकाशात शोधून सापडायचे नाहीत.

त्यातली गोष्ट मी भाच्याशेजारी बसून पाहिली. आपला वैमानिक ट्रिगर. त्याच्यावर आपल्याच देशाच्या माजी अध्यक्षाला मारल्याचा आरोप येतो. त्यानं ते केलेलं नसतं. तरी त्याला कैद्यांच्या तुकडीत टाकतात आणि विमानाच्या शेपटीवर गुन्ह्याच्या खुणेच्या तीन रेघा ओढतात. ज्या देशानं गुन्हेगार ठरवलं त्याच्यासाठीच तो उडत राहतो. पुढे सुटतो, उत्तम तुकडीत जातो, पण रेघा तशाच राहतात. मग एक वेळ अशी येते की शत्रूचे वैमानिक रेडिओवर एकमेकांना घाबऱ्या आवाजात त्या तीन रेघांबद्दल सांगू लागतात. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. भाचा म्हणाला, "मामू, तुमारा चाय थंडा होरा."

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर सुरू झालं. त्या रात्री भाच्याच्या क्लासच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. अंधारात विमान, त्याच्या मागे क्षेपणास्त्र आणि मग स्फोट. खाली अभिनंदनाचा पूर. त्यानं दोनदा पाहिला आणि म्हणाला, "मामू, ये तो गेम है. आर्मा."

'आर्मा ३' बनवणाऱ्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या झेक कंपनीला २०२२ मध्ये, युक्रेन युद्धाच्या वेळी, असे व्हिडिओ ओळखायच्या खुणा जाहीर कराव्या लागल्या होत्या. चित्र धूसर, कॅमेरा हलता, बहुधा रात्र, बऱ्याचदा आवाज नाही आणि हलतीचालती माणसं दिसत नाहीत. भाच्याला ही यादी ठाऊक नव्हती. धूर चुकीचा उडतोय एवढंच तो म्हणत होता.

त्यानं लिहायला घेतलं, "हा गेम आहे." आपानं स्वयंपाकघरातून ऐकलं आणि पिठाच्या हातानं बाहेर आली. "नको लिखू. तू नको लिखू." त्या 'तू'वरचा जोर घरात सगळ्यांना कळला. ७ जून २०२३ ला कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून काय झालं ते आम्ही खिडक्या लावून ऐकलंय. इंटरनेट बंद होतं, दगडांचा आवाज चालू होता. तेव्हापासून आमच्या घरात फोनवर एक शब्द टाकायचा तर आधी विचार होतो. आणि इथं प्रश्न साधा होता. व्हिडिओ खोटा आहे हे वर्गातल्या कुणीही म्हटलं असतं तर तो हुशार ठरला असता. भाच्यानं म्हटलं तर?

तो अंगठा स्क्रीनच्या वर धरून बसला. मला बोळातला टीव्ही आठवला नाही असं म्हणणार नाही. मी त्याला लिही म्हणालो नाही, नको लिहू असंही म्हणालो नाही.

मग त्यानं एक युक्ती केली. त्या दिवसांत पीआयबीचा फॅक्ट चेक विभाग अशा गेमच्या क्लिप उघड्या पाडत होता. त्यानं तिथली एक पोस्ट शोधली, एक शब्द न जोडता सरकारी शिक्क्यासकट ग्रुपवर टाकली आणि फोन उलटा ठेवला. वीस मिनिटांनी बघितलं तर एकानं अंगठा दिला होता आणि एकानं विचारलं होतं, "मग तो व्हिडिओ गेम कुठला रे? भारी दिसतोय."

भाच्यानं त्याला गेमचं नाव कळवलं. आपा पोळ्या लाटायला आत गेली.