शिवनेरीवरील कमान

गेल्या हिवाळ्यात चाकणहून आमची सहल जुन्नरच्या शिवनेरी किल्ल्यावर गेली होती. १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म याच किल्ल्यावर झाला.

गड चढताना एका मुलाने हळूच विचारले, "सर, इथे आपले काय आहे?" मी चमकलो. लहानपणी हाच प्रश्न माझ्याही मनात आला होता. पण विचारण्याचे धाडस झाले नव्हते.

मी मुलांना कमानी मशिदीपाशी नेले. ही मशीद निजामशाहीच्या काळातील आहे. दोन दगडी मिनार आणि त्यांना जोडणारी एक उंच कमान! कमानीतून निळे आकाश दिसते. तेथेच खडकात खोदलेले पाण्याचे टाके आहे. गडावर नदी नसते. पावसाचे पाणी साठवावे लागते. नमाजी याच पाण्याने वजू करीत असतील आणि तहानलेले शिपाईही हेच पाणी पीत असतील.

मी म्हणालो, "चीनमधील शिआन शहरात एक जुनी मशीद आहे. तिची छपरे चिनी मंदिरांसारखी उतरती आहेत. मशीद ज्या मातीत उभी राहते, त्या मातीचे रूप घेते. ही मशीद सह्याद्रीच्या दगडाची आहे. आणि 'कमान' हा शब्द फारसीतून आला. तिकडे त्याचा अर्थ धनुष्य! मराठीने त्याला इतके आपले केले, की आज त्याला कोणी पाहुणा म्हणत नाही."

तो मुलगा कमानीकडे पाहत राहिला. गड उतरताना म्हणाला, "सर, पुढच्या वेळी मी अब्बांनाही इथे आणीन."

मित्रांनो, तुम्हीही एकदा शिवनेरीवर जा. ती कमान आपल्या डोळ्यांनी पाहा.