पाहणारी कोण?

दोन स्त्रियांच्या प्रेमावरचा सिनेमा समोर आला की मी कथेच्या आधी नजर शोधते. कॅमेरा कोणाच्या डोळ्यांनी पाहतोय? प्रेम करणारीच्या, की तिच्याकडे पाहून अस्वस्थ होणाऱ्या तिसऱ्याच कोणाच्या? चित्रपट रसास्वाद शिकवताना विद्यार्थ्यांना मी हाच प्रश्न आधी विचारते. मराठीत या विषयाला हात घालणाऱ्या कलाकृती मोजक्याच आहेत, पण त्या ओळीने पाहिल्या तर ही नजर कशी सरकत गेली ते दिसतं.

सुरुवात नाटकापासून करावी लागते. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगमंचावर आलं. दिग्दर्शन विनय आपटे यांचं, नायिका सुमित्रा झाल्या होत्या रोहिणी हट्टंगडी. काळ दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासचा, वातावरण कॉलेजचं. कॉलेजच्या नाटकात पुरुषाची भूमिका करताना, नायिकेचं काम करणाऱ्या नमाबद्दल आपल्याला नेमकं काय वाटतं हे सुमित्राला उमगतं. मध्यमवर्गीय मराठी प्रेक्षकांसमोर त्या काळी हे मांडायला मोठं बळ लागलं असणार, आणि त्याबद्दल मला तेंडुलकरांविषयी मनापासून आदर आहे. तरी गोष्ट सांगतो तो तिचा मित्र बापू. सुमित्राचं दुःख आपल्यापर्यंत पोहोचतं ते त्याच्या जिव्हाळ्यातून, त्याच्या गोंधळातून. शेवटी तिच्या वाट्याला मरण येतं आणि आठवणी सांगायला तो उरतो.

पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ आला. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा, पटकथा पुन्हा तेंडुलकरांची. महिलाश्रमातल्या दोन बायकांच्या जवळिकीवरून उठलेला गदारोळ त्यात आहे. स्मिता पाटील यांची अधीक्षिका सुलभा महाजन मला फार प्रिय आहे. पण त्या दोघींकडे आपण पाहतो ते अधीक्षिकेच्या टेबलामागून. संस्थेपुढच्या अनेक अडचणींतली ती एक अडचण. त्या दोघी एकट्या असताना एकमेकींशी काय बोलत असतील, हे जाणून घ्यायला चित्रपट थांबत नाही.

रवी जाधव यांनी तेंडुलकरांच्याच कथेवर ‘मित्रा’ हा कृष्णधवल लघुपट केला. त्याला ६२व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट लघुपटाचा मान मिळाला, आणि २०१५ मध्ये ‘बायोस्कोप’ या चार लघुपटांच्या संग्रहातून तो चित्रपटगृहांत आला. वीणा जामकर सुमित्रा, मृण्मयी देशपांडे नमा. इथे मात्र फरक जाणवतो. वीणा जामकरच्या चेहऱ्यावर कॅमेरा रेंगाळतो, तिच्या गप्प राहण्याला वेळ देतो. सांगणारा पुरुष आहेच, पण आता तो थोडा बाजूला सरकला आहे.

‘उंबरठा’ आणि ‘मित्रा’ यांच्या मधे ‘फायर’ आहे. दीपा मेहता यांचा हा चित्रपट १९९६चा, भारतात प्रदर्शित झाला नोव्हेंबर १९९८ मध्ये. सेन्सॉरने तो एकही दृश्य न कापता, प्रौढांसाठी म्हणून संमत केला होता. फक्त हिंदी आवृत्तीत सीता या नायिकेचं नाव नीता करावं लागलं. २ डिसेंबरला मुंबईत न्यू एम्पायर आणि गोरेगावच्या सिनेमॅक्समध्ये शिवसेनेच्या महिला आघाडीच्या कार्यकर्त्या शिरल्या, काचा फुटल्या, खेळ बंद पडले. दुसऱ्या दिवशी दिल्लीत रीगलला तेच झालं. चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि १९९९च्या फेब्रुवारीत पुन्हा तसाच संमत झाला. दिल्लीत या हल्ल्यांच्या निषेधाला जमलेल्यांमध्ये काही बाया आपण समलिंगी आहोत असं लिहिलेले फलक घेऊन उभ्या होत्या. भर रस्त्यात, वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांसमोर. मला त्या फलकांचं मोल चित्रपटाइतकंच वाटतं. माझ्या बुलडाणा जिल्ह्यात ‘फायर’ आला तो मुख्यतः बातम्यांतून. शबाना आझमी आणि नंदिता दास पडद्यावर एकमेकींकडे कशा पाहतात हे न बघताच इथे त्यावर मतं तयार झाली. पुढे महोत्सवात तो अखंड पाहिला तेव्हा कळलं, की त्यातला सर्वांत ताकदीचा भाग स्वयंपाकघरातला आहे. दोन जावांची रोजची कामं, एकमेकींचा हात लागणं, आणि घरातल्या कोणाचंही तिकडे लक्ष नसणं.

महोत्सवाची गरज इथेच सुरू होते. श्रीधर रंगयन यांनी सुरू केलेला ‘कशिश’ हा क्वीअर चित्रपटांचा महोत्सव २०१० पासून मुंबईत भरतो आहे. रात्री आमच्या मलकापूरला विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी मुंबई. मरीन लाइन्सच्या ‘लिबर्टी’त कशिशचे काही महोत्सव झाले. १९४९ मध्ये उघडलेलं हे चित्रपटगृह, लाकडी नक्षीचं, उंच छताचं. त्या भव्य पडद्यावर दोन बायकांचे चेहरे जवळून पाहताना शेजारी अनोळखी माणसं असतात आणि कोणी खुसखुसत नाही. एरवी मोबाइलवर, आवाज बारीक करून, दाराकडे लक्ष ठेवून हे सिनेमे पाहणाऱ्या मुलींना मी ओळखते. त्यांच्यासाठी शेकडो माणसांसोबत मोकळेपणाने पाहायला मिळणं हेच आधी महत्त्वाचं. दिवे लागल्यावर काही जणी लगेच उठत नाहीत. त्यांना विचारायला कोणी जाऊ नये.

महोत्सवांमुळे जगातली तुलनाही हाताशी येते. फ्रान्सचाच दाखला घेऊ. अब्देलातिफ केशिश यांच्या ‘ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर’ला २०१३ मध्ये कानमध्ये पाम दोर मिळाला, तोही दिग्दर्शकाबरोबर दोन्ही अभिनेत्रींना विभागून. पण त्यातल्या लांबलचक शय्यादृश्यांवर, ज्या चित्रकादंबरीवरून तो घेतला तिच्या लेखिकेनेच नापसंती व्यक्त केली. मीही तिच्याच बाजूची. त्या दृश्यांत कॅमेरा त्या दोघींसोबत राहत नाही, त्यांना न्याहाळत बसतो. सहा वर्षांनी सेलिन सियामा यांचा ‘पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर’ आला. अठराव्या शतकातली चित्रकार मारियान एलोइजचं चित्र काढते आहे. मारियान समजते, पाहणारी मी, पाहिली जाणारी ती. मग एलोइज तिला तिच्याच लकबी सांगते, तेव्हा कळतं की समोर बसलेलीही इतके दिवस तिला पाहत होती. एवढ्या एका प्रसंगासाठी हा चित्रपट कोणत्याही रसास्वाद वर्गात दाखवावा.

पण हे सगळं दूरचं. माझ्या जिल्ह्यातल्या बाईच्या जवळ येणारी गोष्ट मला सापडली रोहन कानवडे यांच्या ‘उ उषाचा’ या २०१९च्या मराठी लघुपटात. हेच कानवडे पुढे ‘साबर बोंडं’ घेऊन सनडान्सला गेले आणि २०२५ मध्ये तिथलं जागतिक चित्रपट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक घेऊन आले. तो चित्रपट दोन पुरुषांच्या प्रेमाचा. ‘उ उषाचा’मधली उषा शेतमजूर आहे, एकटीने मुलं वाढवणारी, अक्षरओळख नसलेली. गावच्या प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेकडे तिचं मन ओढलं जातं आणि त्या ओढीतूनच तिला लिहा-वाचायला शिकावंसं वाटतं. बावीसेक मिनिटांचा जीव, पण इथे सांगणारा बापू नाही, टेबलामागची अधीक्षिका नाही. पाहते ती उषा. शिक्षिका आपल्याला दिसते ती तिच्या डोळ्यांनी, आणि अक्षरंही तशीच. मजूर बाईच्या इच्छेला एवढी प्रतिष्ठा देणारी दुसरी मराठी कलाकृती मला आठवत नाही.

वर्ग आणि जात या प्रेमातून वजा होत नाहीत, हे नीरज घेवान यांच्या ‘गीली पुच्ची’ने (२०२१) फार स्पष्टपणे दाखवलं. कारखान्यात यंत्रावर राबणारी दलित भारती आणि तिथेच कचेरीत रुजू झालेली ब्राह्मण प्रिया. भारती झालेल्या कोंकणा सेन शर्माच्या चेहऱ्यावर प्रेम, अपमान आणि हिशेब एकाच वेळी चालू असतात. वेगळ्या भांड्यातून दिलेला चहा तिथे बरंच काही बोलून जातो. उषाच्या बाबतीत हाच प्रश्न जमिनीचा आणि रोजीचा आहे. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात निंदणाऱ्या बाईला स्वतःचं असं दार नाही, फावला वेळ नाही. तिने प्रेम कुठे ठेवायचं?

“हे आपल्याकडे नसतं” असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना घटना सांगते. आमच्या जिल्ह्याची उत्तरेची हद्द ज्या मध्य प्रदेशाला लागून आहे, तिथल्या पोलीस दलातल्या दोन महिला शिपायांनी १९८७ मध्ये एकमेकींशी लग्न केलं आणि त्यांची नोकरी गेली. २०२१ च्या अखेरीस नागपुरात दोन डॉक्टर स्त्रियांनी नातेवाइकांच्या साक्षीने एकमेकींना अंगठ्या घातल्या. त्याआधी, ६ सप्टेंबर २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरचा कलम ३७७चा शिक्का पुसला होता. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही.

आणि नजर उलटी फिरवण्याचं म्हणाल, तर ते बुलडाण्याला नवं नाही. इथल्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला झालेली शिक्षा आणि त्यावरून स्त्रीजातीलाच दूषणं देणारा मजकूर वाचून त्या पेटून उठल्या होत्या. पुरुष बायकांना ज्या फूटपट्टीने मोजतात तीच त्यांनी पुरुषांना लावली. ते पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेलं होतं, ते स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा छापलं. दोन स्त्रियांच्या प्रेमाचा त्यात विषय नाही. पण बाईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं आणि पाहिलेलं सांगावं, ही हिंमत इथल्या एका बाईने आधीच दाखवलेली आहे.

म्हणून मला हे चित्रपट तालुक्याच्या ठिकाणी यायला हवे आहेत. मेहकर, चिखली, जळगाव जामोद. शाळेच्या खोलीत, पांढऱ्या भिंतीवर चालेल. अजून तशी सोय जमलेली नाही, तोवर मी गोष्ट सांगते. बचत गटाच्या बायांना एकदा ‘उ उषाचा’ सांगितला. मी ज्या प्रश्नांची तयारी करून गेले होते त्यातला एकही आला नाही. एकीने विचारलं, “मजुरीहून आल्यावर तिले अभ्यासाले टाइम भेटते कधी?” दुसरीला काळजी वेगळीच. जिल्हा परिषदेची बाई म्हणजे आज ना उद्या बदली होणारच. “मंग त्या उषानं काय करावं?” त्यावर तिघी-चौघी एकदम बोलायला लागल्या. एक म्हणाली, तोवर तिला पत्र लिहिता येईल. दुसरी म्हणाली, पत्र कशाला, फोन आहे की. तिसरीने दोघींना गप्प केलं: फोनवर घरातले ऐकतात, पत्र वाचता येणारं घरात दुसरं कोणी नसलं तर पत्रच बरं.