वॉलरसची व्युत्पत्ती

वॉलरस हा उत्तरेकडील गोठलेल्या समुद्रांत राहणारा, लांब सुळ्यांचा प्राणी. त्याला हे नाव कोठून मिळाले, याचा शोध घेत १९१९ साली ऑक्सफर्डच्या बृहद् इंग्रजी कोशाच्या कचेरीत एक तरुण बसला होता. सोमच्या रणभूमीवरून आजारी होऊन परतलेल्या या तरुणाचे नाव जे. आर. आर. टोल्किन. पाणी, हिवाळा, गांधीलमाशी यांना इंग्रजीत जे साधे शब्द आहेत, त्यांची कुळकथा शोधण्याचे काम त्याच्याकडे होते. वॉलरसने मात्र त्याला फार सतावले. त्या एका शब्दाची व्युत्पत्ती त्याने पुनःपुन्हा नव्याने लिहिली.

पुढे १९२४ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, टोल्किन लीड्स विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि दुसऱ्याच वर्षी ऑक्सफर्डला प्राचीन इंग्रजीच्या अध्यासनावर आले. ही भाषा आजच्या इंग्रज मुलालाही शिकविल्यावाचून कळत नाही. तिच्यात ‘बेओवुल्फ’ नावाचे तीन हजारांहून अधिक ओळींचे एक काव्य आहे. त्याचे एकच हस्तलिखित उरले आहे आणि तेही १७३१ च्या आगीत कडेने करपलेले! एका वीराने तारुण्यात राक्षसांशी आणि वार्धक्यात अग्निमुखी सर्पाशी दिलेल्या झुंजीची ही कथा. पंडित तिच्यात जुन्या राजवंशांचे आणि चालीरीतींचे पुरावे शोधीत. राक्षस तेवढे त्यांना पोरकट वाटत.

१९३६ साली ब्रिटिश अकादमीपुढील व्याख्यानात टोल्किन यांनी या पंडितांना एक दृष्टान्त सांगितला. एका माणसाने जुन्या वाड्याचे दगड घेऊन एक मनोरा बांधला. मित्र आले, दगड जुने आहेत हे पाहून त्यांवरील कोरीव काम शोधण्यासाठी त्यांनी मनोराच पाडला. त्या मनोऱ्यावरून समुद्र दिसत असे, हे त्यांपैकी कोणाच्या ध्यानातही आले नाही. राक्षस हेच या काव्याचे मर्म आहे, असे टोल्किन यांचे म्हणणे होते. मला ते पूर्णपणे पटते. अलंकार ओळखला की कविता संपली, असे मानणारे लोक आपल्याकडेही काही थोडे नाहीत.

वर्गात ते या काव्याच्या आरंभीच्या ओळी मोठ्याने म्हणत. पुढे कवी म्हणून कीर्ती पावलेले ऑडेन यांनी विद्यार्थिदशेत ऐकलेला तो आवाज जन्मभर लक्षात ठेवला.

चार मुलांच्या संसाराला हातभार म्हणून टोल्किन उन्हाळ्यात शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपाशीत. ते काम किती कंटाळवाणे असते, हे शिक्षकालाच ठाऊक! एका उत्तरपत्रिकेत त्यांना एक पान कोरे आढळले. त्यावर त्यांनी बिळात राहणाऱ्या एका ‘हॉबिट’विषयी एक वाक्य लिहिले. हॉबिट म्हणजे काय, हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हते. त्या वाक्यातूनच १९३७ साली ‘द हॉबिट’ हे पुस्तक जन्मास आले. शब्द आधी आणि त्याची कथा मागाहून, ही कोशाच्या कचेरीतली सवय येथेही सुटली नाही.

१९५९ साली ते निवृत्त झाले आणि १९७३ साली निवर्तले. ‘बेओवुल्फ’चा गद्य अनुवाद त्यांनी १९२६ सालीच पुरा केला होता, परंतु तो त्यांनी प्रसिद्ध केला नाही. त्यांचे पुत्र क्रिस्टोफर यांनी तो २०१४ साली, वयाच्या नव्वदीत, संपादित करून छापला.