तीस पैसे

त्या गोष्टीला आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तरीही कसाऱ्याचा घाट आठवला की मला प्रथम आठवतात ते तीस पैसे.

१९९३ साली मी मुलुंडला एका चाळीत राहत होतो आणि महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात शिकत होतो. त्या वर्षी गणपतीचे विसर्जन करून दमलेली माणसे गाढ झोपेत असताना, ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास, लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांना भूकंपाचा भयंकर धक्का बसला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची कितीतरी गावे काही क्षणांत मातीला मिळाली. हजारो माणसे झोपेतून उठलीच नाहीत.

आमच्या चाळीच्या शेवटच्या खोलीत एक आजी एकट्याच राहत. पापड लाटून त्या आपला निर्वाह चालवीत. त्यांचे माहेर औसा तालुक्यातले. भूकंपाची बातमी आली त्या दिवशी त्यांनी पोळपाट भिंतीला टेकवून ठेवला तो चार दिवस खाली घेतला नाही. मी भेटायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “लेकरा, आमच्याकडं भिंती दोन-दोन हात रुंद असतात, दगडामातीच्या. वर माळवद, त्याच्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घरात कसा गारवा असायचा! ज्या मातीनं सावली दिली, तीच अंगावर आली रे.”

माळवदाच्या घरांतच इतकी माणसे का दगावली, हे पुढे मी पुस्तकांतून वाचले. परंतु त्याचे खरे कारण मला आजींच्या त्या दोन वाक्यांतच प्रथम कळले होते.

आमच्या व्यायामशाळेतील एका मोठ्या मुलाला आम्ही सारे ‘दादा’ म्हणत असू. भूकंपग्रस्तांसाठी आपणही काही करावे, असे त्याच्या मनाने घेतले. १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमटे शंभरांहून अधिक तरुण-तरुणींना घेऊन ‘भारत जोडो’साठी कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले होते. तरुण सायकलींवर होते आणि पाठीच्या दुखण्यामुळे बसूही न शकणारे बाबा वाहनात आडवे पडून त्यांच्याबरोबर प्रवास करीत होते. ही हकीकत दादाने आम्हांला अनेकदा सांगितली होती. तो म्हणाला, “आपल्याजवळ पैसा नाही; पण पाय आहेत. मुलुंडहून नाशिकच्या गोदाघाटापर्यंत सायकलीने जाऊ. प्रत्येक किलोमीटरमागे लोकांनी आपल्याला जमेल तेवढे पैसे द्यावेत. जमलेली सारी रक्कम साहाय्यनिधीला पाठवू.”

कल्पना सर्वांना पटली. अंतर दीडशे किलोमीटर धरले. प्रत्येकाने एकेक वही केली आणि आम्ही सहाजण घरोघर हिंडू लागलो. डॉक्टरांनी किलोमीटरला एक रुपया लिहिला, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने पंचवीस पैसे लिहिले. आजींकडे जावे की नाही, असा मला संकोच वाटत होता. पण त्यांनीच मला हाक मारली. “माझे दहा पैसे लिही,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे रोखून पाहत त्यांनी विचारले, “सगळी वाट तुझ्याच पायांनं ना?”

“हो आजी, सगळी!” मी ऐटीत उत्तर दिले.

दिवाळीच्या सुट्टीत एका पहाटे आम्ही निघालो. गार वारा अंगाला झोंबत होता. ठाणे मागे पडले, खाडी ओलांडली आणि आम्ही आग्र्याकडे जाणाऱ्या महामार्गाला लागलो. पडघे, वाशिंद, आसनगाव अशी गावे येत होती आणि जात होती. डाव्या हाताला माहुलीगडाचे सुळके उन्हात उजळले होते. शहापुराजवळ दादाने आम्हांला थांबवून सांगितले, “आपल्या घरी नळाला येणारे पाणी याच तालुक्यातल्या तानसा आणि भातसा धरणांतून येते.” मुलुंडजवळून जाणारे ते अजस्र नळ मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण ते कोठून येतात, याचा विचार कधी केला नव्हता. दूरच्या माणसांचे आपल्यावर केवढे ऋण असते, हे त्या दिवशी प्रथमच मनात आले.

दुपारी कसारा आले आणि पुढे घाट उभा राहिला. या घाटात तेव्हा आगगाडीलाही एकटीला चढवत नसे. दर सदतीस फुटांना एक फूट अशी लोहमार्गाची चढण आहे, म्हणून गाडीच्या मागे जादा इंजिने जोडून ती वर रेटावी लागे. मला मात्र मागून रेटणारे कोणी नव्हते. थोड्याच वेळात माझ्या पोटऱ्यांत गोळे आले. सोबती पुढच्या वळणाआड दिसेनासे झाले. उतरून सायकल हाताने ढकलीत चालण्याची मुभा होती. पण सर्वांच्या मागून पायी वर पोहोचण्याची मला लाज वाटली.

एवढ्यात मालाने भरलेला एक ट्रक धापा टाकीत माझ्या शेजारून गेला. त्याच्या मागच्या फळीला एक साखळी लोंबत होती. मी इकडे तिकडे पाहिले. कोणी नव्हते. मी साखळी पकडली.

पाय थांबले आणि सायकल चालू लागली! प्रथम मला कोण आनंद झाला! रस्त्याकडेचा किलोमीटरचा एक दगड मागे गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. तोच वळणावर ट्रकने एकाएकी हिसका दिला. साखळी हातातून निसटली आणि मी सायकलीसह रस्त्याच्या कडेला आदळलो. गुडघा फुटला. दोन हातांवरच दरी होती. मागून एखादे वाहन आले असते, तर ही हकीकत सांगायला मी उरलो नसतो.

उरलेला घाट मी लंगडत, सायकल ढकलीत चढलो. इगतपुरीला सोबती वाट पाहत होते. माझा रक्ताळलेला गुडघा पाहून दादाने माझी पाठ थोपटली. “शाबास! असल्या पायाने घाट चढलास!” तो म्हणाला. मी काही बोललो नाही. त्या रात्री सर्वजण गाढ झोपले. मी मात्र जागाच होतो. गुडघ्याच्या ठणक्यापेक्षा ती ‘शाबास’ अधिक ठणकत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही गोदावरीच्या काठी पोहोचलो. घरी परतल्यावर मी वहीत ‘१५० किलोमीटर’ असे लिहिले आणि पैसे गोळा करू लागलो. डॉक्टरांनी दीडशे रुपये दिले, दुकानदारानेही आपली रक्कम दिली. कोणी काही विचारले नाही. आजींकडे मी सर्वांत शेवटी गेलो.

आजींनी पंधरा रुपये आधीच रुमालाच्या गाठीत बांधून ठेवले होते. त्यांत एकही नोट नव्हती. सारी नाणीच होती. पापडाच्या पिठाने खरखरीत झालेल्या बोटांनी त्या एकेक नाणे माझ्यापुढे मांडू लागल्या. मला ते पाहवेना. माझ्या तोंडून शब्द निघून गेले, “आजी, तीन किलोमीटर मी ट्रकला धरून गेलो.”

आजी थांबल्या. त्या रागावल्या नाहीत की हसल्याही नाहीत. त्यांनी तीस पैसे वेगळे काढले आणि बाकीचे माझ्याकडे सरकवले. “हे चौदा रुपये सत्तर पैसे तुझ्या पायांचे. हे तीस पैसे इथंच राहू देत. ती वाट चालशील, तेव्हा घेऊन जा.”

मी प्रथम दादाला आणि मग डॉक्टरांना व दुकानदाराला सारे सांगितले. दुकानदार हसून म्हणाला, “अहो, तीन किलोमीटरांचं एवढं काय!” परंतु माझ्या डोळ्यांपुढे ते तीस पैसे होते.

पुढच्या रविवारी लोकल गाडीच्या लगेजच्या डब्यात सायकल चढवून मी कसाऱ्याला गेलो. दादा न सांगताच बरोबर आला होता. तो सायकलीवरून माझ्या मागे मागे येत होता. पण हात मात्र त्याने लावला नाही. जेथे साखळी धरली होती, तेथून जेथे पडलो होतो तेथपर्यंतचे तीनही दगड मी पुन्हा मोजले. दोनदा उतरलो, एकदा रडकुंडीला आलो. पण या वेळी ती वाट माझ्याच पायांनी सरली.

त्या दिवशीच्या रेल्वेच्या तिकिटाला तीस पैशांच्या कितीतरी पट खर्च आला. हिशेबाच्या दृष्टीने हा व्यवहार आतबट्ट्याचाच म्हणावा लागेल. संध्याकाळी मी आजींच्या दारात उभा राहिलो. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिले, फडताळावरचे तीस पैसे काढून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, “आता पुरे झाले पंधरा.”

पुढे किल्लारी नव्या जागी पुन्हा वसली. तेथे उभ्या राहिलेल्या घरांत आमच्या पैशांचा वाटा एखाद्या विटेएवढा तरी असेल की नाही, कोण जाणे. पण असला, तर ती वीट पोकळ नाही, एवढे मी आजींच्या कृपेने सांगू शकतो.